सत्तेचाळिसावी वडी

नाही नाही, नोंदवहीची पानं पुरी आहेत, मोजत बसू नका — बेटाच्या चौकीचा चार्ज घ्यायला आलात की झडती घ्यायला? पलीकडच्या बेटावरचा गार्ड निवृत्त झाला, तेव्हा नव्या माणसानं पाच मिनिटांत सही ठोकली आणि जुन्याची ट्रंक होडीत चढवायला स्वतः हात लावला. अशीही माणसं असतात. तुम्ही मात्र आल्यापासून ओळीवर बोट ठेवून वाचताय. मुख्य ऑफिसनं काही कानात सांगून पाठवलंय का? नाही? बरं, नाही. नाही म्हणणारा माणूस एवढं सावकाश वाचत नाही, एवढंच म्हणतो मी.

मला विचारा ना, तोंडपाठ आहे सगळं. आधी इथं शेळ्या होत्या — जहाजवाल्यांनी सोडलेल्या, येता-जाता मटण मिळावं म्हणून. त्यांनी चरून चरून बेटाचं पार टक्कल केलं. मग सरकारनं राष्ट्रीय उद्यानाची पाटी ठोकली आणि मच्छीमारांची अकरा घरं उठवली, त्यातलं एक आमचं. माझ्या बापाला म्हणाले, तुला गार्ड करतो, शेळ्या मार. आता शेळ्या कुणाच्या? अर्ध्या त्यानंच पाळलेल्या. मारल्या त्यानं, एकूण एक. पुढं मरेपर्यंत मटणाला शिवला नाही, पण काम केलं. आमच्या घरात काम असं करतात — हे टिपून घ्या हवं तर, टिपायची हौस दिसतेय तुम्हाला.

मग उंदीर. तेही जहाजातूनच आलेले. ज्याच्यासाठी हे उद्यान, तो आपला समुद्रपक्षी बिळात अंडं घालतो, वर्षाला एकच, आणि तेच उंदरांचं जेवण. तेव्हा विमानातून विषारी दाणे टाकले, दोन हंगाम. उंदीर गेले, बरोबर घारी गेल्या, माझी कुत्री गेली. त्यानंतर बेटभर मेणाच्या वड्या लावल्या, शेंगदाण्याचा वास घातलेल्या, एकशे बारा. उंदीर असला तर कुरतडणारच. दोन वर्षं दात उमटला नाही की बेट उंदीरमुक्त. दोन वर्षं दर आठवड्याला, पाऊस असो वारा असो, मी एकशे बारा वड्या या हातांनी उलटून पाहिल्यात — तिथं का थांबलात? उलटा की पान. सत्तेचाळीस नंबर, वडी बदलली, कारण खेकडा. त्यात वाचायचं काय? खेकडे वड्या खातात, खालच्या किनाऱ्यावरच्या तर दर महिन्याला खायचे — नाही, सत्तेचाळीस खाली नाही. वर आहे, या चौकीच्या मागंच. कड्यावर खेकडा चढत नाही, ते मला शिकवू नका. हाताला सवय असते, लिहिला गेला खेकडा. नऊ वर्षांत ऑफिसात कुणाला खटकलं नाही, कारण सत्तेचाळीस कुठं आहे हे तिथं कुणाला ठाऊकच नाही. तुम्हाला पहिल्याच दिवशी बरं ठाऊक? नकाशा पाठ करून आलात. म्हणजे पाठवलंच कुणीतरी.

लेक आली होती हो. बाळंतपण होऊन दीड महिना, पहिला नातू. नियम असा की होडीतून उतरलेली प्रत्येक वस्तू धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत न्यायची, दार लावायचं आणि मगच उघडून झटकायची — उंदीर निघालाच तर आत कोंडलेला राहतो. मोठमोठ्या साहेबांच्या बॅगा झटकल्यात मी तिथं, शिव्या खाऊन. पण त्या दिवशी पोर रडून रडून निळं पडलेलं, बायको म्हणाली, अहो, बाळाच्या गादीची वळकटी आहे ती, सरळ वर न्या. नेली. आठ दिवसांनी सत्तेचाळीसवर दात. दोन बारीक चरे, शेजारी शेजारी. कळवायला हवं होतं, हो, हवं होतं. पण बेट मुक्त झाल्याचा समारंभ पंधरा दिवसांवर, मांडवाचे खांब धक्क्यावर उतरलेले. कळवलं असतं तर पुन्हा विमान, पुन्हा विष, आणि ज्यानं स्वतःच्या शेळ्या मारल्या त्याच्या पणतवाच्या गादीतून उंदीर आला म्हणून — नाही. वडी बदलली मी. स्वयंपाकघरात पिंजरा लावला, चौथ्या दिवशी एक सापडला, समुद्रात फेकला. एकच होता. एकच असणार. नर की मादी? तुम्ही नाही विचारलंत, मीच विचारतोय. पाहिलं नाही मी. घाईत फेकला. आणि समारंभानंतर वड्याच काढून टाकल्या, मग कळणार तरी कशावरून?

पक्ष्यांची गणती? आहे की शेवटच्या पानावर. तीनशे दहा बिळं. गेल्या वर्षीही तीनशे दहा. असं भुवया चढवून बघू नका — पक्षी तेवढेच तर आकडा तेवढाच. गणती करतात कशी, माहीत आहे? पालथं पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा, आत बसलेला पक्षी बोट फोडतो. बोट फुटलं की एक. पूर्वी हंगामात कालवणातलं मीठ बोटांना असं झोंबायचं की बायको भरवायची मला, आणि हसायची. हल्ली ती भरवत नाही. तिला सगळं कळतं, बोलत नाही एवढंच — तुम्ही माझ्या हातांकडे काय बघताय? बघा. जवळ घेऊन बघा. यंदा एक ओरखडा नाही.

द्या ते पेन इकडं. सही करू नका. त्या कागदावर तुमची सही पडली की उंदीर तुमचा होतो, आणि तुम्ही तर अजून वळकटीही सोडलेली नाही. होडी धक्क्यालाच आहे. जा, ऑफिसात सांगा, म्हातारा चार्ज देत नाही. का देत नाही ते मी लिहून पाठवतो, माझ्या अक्षरात, पहिल्यापासून. उठा म्हटलं ना. लिहिताना समोर कुणी बसलेलं मला चालत नाही.