केसरचा रुसवा

चांगदेव : तर मी काय सांगत होतो, अमिषा. कुत्रा हा जन्मतःच स्वच्छ प्राणी हाय. घाण करतो तो माणूस. देवानं कुत्र्याची रचनाच अशी केलीय की त्याला पार्लरची गरज पडू नये.

अमिषा : काका, हिच्या शेपटीत सुक्या बोंबलाचं डोकं आहे.

चांगदेव : ते बाहेरून आलंय.

सत्यवती : आणि मी सगळा माळा उपसला, वास कुठनं येतो म्हणून.

अमिषा : काकू, तुम्ही बसा. हिला टेबलावर घेते. गोल्डन रिट्रीव्हर ना? रंग कळत नाहीये म्हणून विचारलं.

चांगदेव : सोन्यासारखी आणलेली. केसर नाव उगाच न्हाय ठेवलं. आता असं कर, मशीन लाव आणि सगळी भादरून टाक.

अमिषा : सगळी? कशासाठी?

चांगदेव : ती माझ्यावर रुसलीय.

सत्यवती : ऐक आता. आख्ख्या उरणला सांगून झालं, तूच राहिली होतीस.

चांगदेव : भाच्याच्या लग्नाला महाडला गेलो, मुक्काम पडला. परत आलो तर ही जवळ येईना. हात पुढं केला की मान चोरते, कॉटखाली जाते. जन्मभर ट्रेलर चालवले, बंदरावरच्या भल्याभल्यांची समजूत काढली, पण हिची निघत न्हाय. म्हटलं, अंगावर एवढी लोकर, उकडत असेल, म्हणून डोकं फिरलं असेल. केस गेले की राग जाईल.

अमिषा : असं काही...

चांगदेव : आणि जाऊन बसते कुठं? हिच्या पायाशी. घरात आणली त्या दिवसापासून जी तिला ‘हाड’ म्हणते, तिच्या.

सत्यवती : अजून म्हणते. तिला ते आपलं नाव वाटतं.

अमिषा : काका, भादरायचं नाही. हिला दोन थर असतात. वरचे लांब केस ऊन-पाणी अडवतात, खाली मऊ लव असते. ती गळते, ती विंचरून काढायची, म्हणजे आत वारा खेळतो. वरचेच काढले तर ऊन डायरेक्ट कातडीवर. परत कधी कधी धड येत पण नाहीत, ठिगळं लावल्यासारखे येतात.

चांगदेव : म्हणजे वर ताडपत्री, खाली गोणपाट.

अमिषा : सेम.

चांगदेव : मग भर उन्हात ताडपत्री कोण काढेल? माल करपेल. मशीन ठेव तिकडं. पण मग राग कसा जायचा?

अमिषा : आधी कंगवा तर घालू द्या. वरून ठीक वाटतंय, पण... कानामागे जातच नाहीये. आणि हिला हा वास कसला? करंज्या तळल्यासारखा?

चांगदेव : खोबरेल. घाण्याचं. माझी बहीण नागावला दिलीय, तिच्या वाडीतलं. केसर समुद्रावर पोहून आली की मी स्वतः जिरवतो. कानामागं, काखेत, पट्ट्याखाली. जिथं सांधा, तिथं ग्रीस. त्याशिवाय गाडी चालते का?

सत्यवती : मला बाम चोळा म्हटलं की यांचा खांदा धरतो.

अमिषा : आणि आंघोळ?

चांगदेव : रविवारी. शाम्पू लावून खळखळून.

सत्यवती : म्हणून माझी बाटली पुरत न्हाय.

अमिषा : माणसांचा शाम्पू नका लावू, काका. आणि बघा, समुद्राचं मीठ, वाळू, त्यावर तेल. सगळं धरून बसलं. वर पाणी पडलं की गाठ आणखी आवळते, सुंभ भिजल्यासारखी. आधी विंचरायचं, मग आंघोळ. इथं बोट घाला. लागतंय?

चांगदेव : हे होय. मला वाटलं, हिची तब्येत सुधारली.

अमिषा : काकू, तुम्ही हिला हात लावता कधी?

सत्यवती : हात? पदर लागू देत न्हाय मी.

अमिषा : मग बरोबर.

चांगदेव : काय बरोबर?

अमिषा : तुमचे कानामागचे केस कुणी मुठीत धरून सारखे ओढले तर?

सत्यवती : मी दाखवू?

चांगदेव : नको. समजलं.

अमिषा : ती रुसलेली नाही, काका. तुम्ही लाडानं कान चोळता तेव्हा तिला दुखतं. काकू लाड करत नाहीत, म्हणून तिथं जाऊन बसते.

चांगदेव : म्हणजे महाडचं काही न्हाय.

अमिषा : तुम्ही गेलेलं तिला कळलं तरी का, कोण जाणे.

सत्यवती : कळलं. दारातनं हलली न्हाय. जेवली न्हाय. मग मी भातावर कालवण घातलं, तेव्हा कुठं तोंड लावलं. वर एखादा बोंबील.

चांगदेव : बोंबील?

सत्यवती : कुणी असं तोंडाकडं बघत बसलं की मला घास जात न्हाय.

चांगदेव : आणि माळा उपसत होती.

अमिषा : काका, हिचं डोकं धरा जरा.

चांगदेव : कात्रीनं कापून टाक ना ती गाठ, एकदाची.

अमिषा : कात्री घरीसुद्धा हातात घेऊ नका. गाठीत कातडी ओढली गेलेली असते, दिसत नाही, तीच कापली जाते. ही कानामागची तेवढी मशीननं काढते, बाकीच्या बोटांनी सुटतील. आणि समुद्रावरून आली की गोड्या पाण्यानं धुवायची, मुळापर्यंत कोरडी करायची. तेल बंद.

चांगदेव : थेंबभरसुद्धा?

अमिषा : करंज्या तळायला वापरा.

[मशीनचा आवाज थांबतो. केसर दोनदा डोकं झटकते.]

अमिषा : आता हात लावा. इथं, कानामागे.

चांगदेव : नको. दुखेल तिला.

अमिषा : लावून तर बघा.

चांगदेव : ... मान चोरत न्हाय. अगं, बघितलंस का, हनुवटी टेकली.

सत्यवती : शर्टावर लाळ गळतेय.

चांगदेव : गळू दे. अमिषा, तुझ्यासमोर सांगतो. आजपासून हिच्या केसांचा सगळा कारभार माझ्या एकट्याकडं. रोज सकाळी, मुळापासून टोकापर्यंत, कंगवा माझा, हात माझा. घरातल्या दुसऱ्या कुणी मध्ये पडायचं न्हाय.

अमिषा : हा घ्या कंगवा. अडला की ओढायचं नाही, थांबायचं.

सत्यवती : अमिषा, तसलाच एक मला दे गं. शेपटीपुरता.