कानातला पिवळा बिल्ला

हसा, हसा! हातात रिकामं दावं घेऊन जनावराच्या दवाखान्यात लाईनीत उभी, बुढी सटकली म्हणून हसून राहिले न तुम्ही? अहो बाप्पा, पहिले ऐका तं खरं, मंग हसा... त्या म्हशीले जरा तिकडं ओढा हो, शेपटी तोंडावर मारून राहिली... हां, तं तुम्हाले सांगतो, माही बकरी ठाण्यात आहे. पोलीस ठाण्यात! आठ दिवस झाले! गुन्हा? ठमी बिचारी काय गुन्हा करन, ते तं चोरीले गेली होती! दोन दिवसांत चोर सापडला, बकरी सापडली, ठाण्याच्या कडुनिंबाखाली बांधली, मले ते दिसते, तिले मी दिसतो, ते ओरडते, मी ओरडतो, अन् बकरी काही भेटत नाही! काहून? तं म्हणे, सिस्टम मानून नाही राहिली, मावशी!

अन् हे सारं मीच मांगतलं होतं! आमचा मध्यप्रदेशातला पांढुर्णा जिल्हा झाला, मोठे साहेब आले, मंडप टाकला, ‘ठाण्यात काय सुधारणा पाहिजे, बोला.’ मी उठली. पंचफुला म्हणतात मले, माइक नाही लागत. म्हटलं, साहेब, कॅम्प्युटर पाहिजे, कॅमेरा पाहिजे, अन् तुमच्या पोलिसायले बोलाचं कसं ते शिकवा! उगाच नाही म्हटलं. तीस वर्षांआधी त्याच ठाण्यात कोऱ्या कागदावर माहा अंगठा घेतला, अन् वर लिहून टाकलं का हिची काही तक्रार नाही. तक्रार माही, अंगठा माहा, अन् तक्रार नाही! त्या दिवशी आण घेतली, आता अंगठा कोणालेच नाही. संत्र्याच्या पेट्यायवरचे अक्षरं, सौंसर-नागपूर बसच्या पाट्या, जे दिसन ते वाचत सुटली मी, अन् चाळिसाव्या वर्षी सही केली, अशी लफ्फेदार का बँकेचा साहेब चश्मा काढून पाहे!

तं सुधारणा झाली. खरंच झाली, खोटं कायले बोलू? पहिले ठाण्यात गेलं का ‘ए बुढी, बाहेर बस!’ आता सागर नावाचा शिपाई आहे, ट्रेनिंग घेऊन आलेला, दोन्ही हात जोडते, ‘नमस्ते माताजी, बैठिए, पानी लीजिए.’ पेली. ‘और लीजिए.’ अजून पेली. रोजचे चार गिलास पाणी पेऊन राहिली मी तिथं, अन् बकरीचं नाव काढलं का असा गोड बोलते, असा गोड, का वरून चहा पेला तं फिक्का लागन, ‘माताजी, सिस्टम नहीं मान रहा.’ अरे लेका, एक शिवी दे, पण बकरी दे!

अन् सिस्टमले पाहिजे काय? अंगठा! ‘माताजी, मशीन पे अंगूठा लगाइए.’ म्हटलं, सही करतो. ‘सही नहीं चलती, माताजी.’ आता बोला! तवा सही येत नव्हती म्हणून अंगठा घेतला, आता सही येते तं अंगठा पाहिजे! तीन दिवस नाही लावला मी. पण ठमी गाभण आहे न हो, दिवस भरलेले, आज व्याते का उद्या... चवथ्या दिवशी डोळे मिटले अन् लावला. तीस वर्षांची आण मोडली एका बकरीपायी. अन् मशीन काय म्हणे? टूंऽऽ! लाल बत्ती. पदरानं पुसून लावला, टूंऽऽ! डावा, उजवा, दहाही बोटं, टूंऽऽ! सागर बोट पाहे अन् माह्या तोंडाकडं पाहे, ‘माताजी, आपके अंगूठे पे लकीर ही नहीं है!’ कशी राहीन रे? पन्नास वर्षं कापूस वेचला, बोंडायनं रेघा घासून नेल्या!

म्हटलं, पुंडलिकले बोलवा. पुंडलिकराव, ठाण्याचा हेडसाहेब, आमच्या रामाकोन्याचाच. याची माय अन् मी एका वावरात कापूस वेचो, अन् हा धुऱ्यावर बसून माह्या पदराच्या ओट्यातले बोरं खाये. आला. छातीवर कॅमेरा. टोपी काढून कॅमेऱ्यावर धरली अन् हळूच म्हणते, ‘मावशी, तू कोण आहे ते का मले माहीत नाही? पण अशीच देली बकरी, तं वर जबाब मले द्या लागन.’ टोपी बाजूले केली अन् मोठ्यानं, ‘हां तो माताजी! आप कौन?’ कोण? बोरं खाल्ले ते विसरला? परत टोपी! ‘मावशी, बोरायचं नको न बोलू, रेकॉर्ड होते!’ म्हटलं, लेका, टोपीनं आवाज थोडाच झाकते? तं पडलं तोंड बिचाऱ्याचं.

मंग ठमीची पाळी. तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे, याच दवाखान्यात टोचला. सागरनं मोबाइल धरला, टिंग! हिरवी बत्ती! ‘बकरी, मादा, उम्र तीन साल, मालकिन पंचफुलाबाई, ग्राम रामाकोना.’ म्हटलं, हेच तं मी! ‘ये बकरी की पहचान हुई, माताजी. आपकी बाकी है.’ अरे, बकरी मले पाहून दावं तोडून राहिली, तिची साक्ष घ्या! थानेदार आहे करुणा मॅडम, चांगली बाई, म्हणे, ‘मावशी, मले पटते, पण...’ पुढचं मीच म्हटलं, पाठ झालं होतं, सिस्टम मानून नाही राहिली!

अन् काल दुपारी व्याली. ठाण्यात! मी गेली तं सागर वर्दीच्या बाह्या सारून उभा, घामाघूम, ‘माताजी, ट्रेनिंग में ये नहीं था!’ सारं मीच केलं, नाळ मी तोडली, पिल्लं मी पुसले. तवा नाही म्हटलं कोणी, पहिले अंगठा दाखव! दोन पाठी झाल्या, दोन्ही पोरीच, गोऱ्यापान. म्हटलं, आता तं द्या. मॅडमनं कॅम्प्युटर पाहिला, डोक्यावर हात मारला, ‘मावशी, तक्रार एका बकरीची आहे. इथं तीन भरून राहिल्या!’

आता म्हणते, ज्यायनं बिल्ला टोचला त्या डॉक्टरचं पत्र आणा, का ही बाई तेच. म्हणून उभी आहे हो... कोण? माहा नंबर? आली, आली! नमस्ते डॉक्टरसाहेब. जनावर कुठं आहे? हे काय, तुमच्यापुढंच तं उभं आहे. नाही, नाही, पत्र नको. पत्रावर तुम्ही सही करान, अन् सही तिथं चालत नाही. एक पिवळा बिल्ला काढा, डाव्या कानात टोचा... बाळीच्या वर जागा आहे.