चिंचेनं निघालेलं नाव

गाडी भंगारात गेली. पण तसं काही झालंच नाही, असं धरू. अजून सकाळ आहे आणि जुन्या गाड्यांच्या तपासणीच्या रांगेत जोतिराम आणि फुलाबाई हे नवरा-बायको माझ्यापुढं उभे आहेत.

"दर दसऱ्याला कंपनीचं नाव चिंचेनं घासाय तुला कुनी सांगितलं?"

"पितळंचं वाटलं. धा वर्सं घासलं, यंदा निघालं. खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव असंल, हे मला काय ठावं?"

"दोन कंपन्यांनी भागीदारीत एकच गाडी काढली. एकीचं नाव खाली, दुसरीनं आपलं वर चिकटवलं. साहेब म्हनतो, कागदावर येक अन् गाडीवर येक, चालनार न्हाय."

"मग त्यास्नीच इचारा की."

"त्या येगळ्या झाल्या. ही म्हनती तिची गाडी, ती म्हनती हिची."

"आन् आपल्या अजिनाथची न्हाय व्हय? लेकरू गेलं, आता त्याची गाडी बी नेत्यात?"

"रडू नगंस. अर्ज लिवलाय, ऐक."

"वाचा."

"'महोदय, सदर दोन्ही कंपन्यांनी एका दिवसापुरती पुन्हा भागीदारी करावी, जोडीने सोलापुरास यावे आणि कै. अजिनाथ यांची गाडी आपलीच असल्याचे लिहून द्यावे, ही नम्र विनंती.'"