आज नाटक नाय, चंदर

—हस, हस. दात दाखव. पन रिक्षा पलव, चंदर, हसता हसता पलव! तुझं पन बरोबर हाय म्हना, गेल्या शिमग्याला याच रिक्षात मी मेलेली ना— जीभ बाहेर, मान अशी लुलीपांगली— आन तू बोंबलत बोंबलत दवाखान्याच्या दारात नेलंस, तर मी उतरून तुला बोलली, समोरून वडापाव आन. भूक लागलेली, चालवत नव्हतं, मग दुसरं काय करनार? पन आज नाटक नाय. आरशात बघ. ओठ बघ माझे. लिपस्टिक? मेल्या, नातवाच्या हलदीला मी लिपस्टिक लावीन का? लावीन, ती गोष्ट वेगली— पन ही सूज हाय, सूज!

घरात पन तेच. डीजे चालू, अल्पेश पाटावर पिवला होऊन बसलाय, मी सुनेला बोलली, नूतन, गला आवलतोय गं. तर ती हातातला डाव पन खाली ठेवत नाय, बोलते, आई, आज पावन्यांत नको तुमचं नाटक. सगल्या बाया हसल्या. मी पन हसली— सवय! मग मागच्या दारानं निघाली, तू टपरीवर दिसलास.

काय खाल्लं? खाल्लं नाय, चाखलं. आमच्या घरात हलदीच्या जेवनाचा पयला टोप उतरला की घरातल्या मोठ्या बाईनं मीठ चाखायचं, तिनं मान हलवल्याबिगर पंगत बसत नाय. आधी माझी सासू चाखायची, आता मी. कोलंबीचा टोप होता. एकच घास घेतला— बरं, दोन-चार. मीठ काय एका घासात कलतं का?

हे आजचं नाय रे. गनपतीपासून चाललंय. जवला खाल्ला की अंगावर ह्या येवढ्या गांधी, खाजून खाजून जीव जायचा. पित्त उठलं, असंच बोलतात ना सगले? मग आमसुलाचं पानी चोलायचं, घोंगडी पांघरायची, संध्याकालपर्यंत साफ. साफ झालं की मी परत जवला खायची. आमसूल हाय ना घरात, भ्यायचं कशाला! मग एकदा डोला सुजून बटाटा झाला, तेवा गपचूप डॉक्टरकडं गेली. तो बोलतो, आजी, हे पित्त नाय, अलर्जी हाय. मी बोलली, जन्मभर खाल्लं, आता कुठून आली? तर बोलतो, कधीपन येते. कोलंबी, जवला, चिंबोरी, सगलं बंद. नुसती खाज आली तर गोली. पन ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, गरगरलं— तर गोलीची वाट बघायची नाय, थेट मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन.

कोनाला सांगितलं? कोनाला नाय. का म्हनजे काय— सांगितलं असतं तर आज टोपाजवल नूतन उभी र्‍हायली असती, आन मी कोपर्‍यात खुर्चीवर, पंख्याखाली, देवासारखी! म्हातारीकडं काय र्‍हातं रे? येवढी एक मान हलवायची. आज पन आधी आमसूलच चोललं बघ. ओठाला. येडी.

पुलावर अडकलास ना? हॉर्न मार. काय? नाय रे, आवाज मी नाय काढत असा, तो येतोय. घोगरा. खरंच.

ऐक. त्या शिमग्याला मी मेलेली, तेवा काय करत होती आठव. मेल्या मेल्या तुला बोलत होती, डावीकडून घे, खड्डा हाय. बरोबर? ह्या सखूला सगली नाटकं जमतात, गप बसायचं नाय जमत. अख्ख्या हेंद्रेपाड्याला इचार. म्हनून ध्यानात ठेव— मी गप झाली, की खरं.

हां. आता हसत नायस. बरं झालं.

दारात गेल्या गेल्या त्यांना बोल— कोलंबी, अलर्जी. पित्त बोलू नको. आन नूतनला फोन लाव. बोल, मीठ बरोबर हाय... पंगत बसव...

अरे, डावीकडून घे, ख—