हेडफोन कुठे वापरणार?

दुकानदार : हे नकोत तुम्हाला. यात गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो, पण तबला डबा बडवल्यासारखा लागतो.

बायको : आम्हाला गाणाऱ्याशी काही कर्तव्य नाही हो काका. दणदणीत बेस पाहिजे. आणि हजाराच्या आत पाहिजे.

दुकानदार : मग हे काळे बघा. गादी जाड आहे, कान पूर्ण झाकला जातो. स्वस्तातल्या हेडफोनमध्ये अर्धा बेस या गादीवरच असतो. ती पातळ असली की सगळा बाहेर सांडतो. घाला साहेब. चष्म्याची काडी आत अडकू देऊ नका, फट राहते. हं, लावतो आता.

बायको : चेहरा बघा कसा झालाय! अहो! अहो, मी काय म्हणते?

दुकानदार : नाही ऐकू येणार. मी आत्ता काउंटरवर चार वेळा ठोकलं, त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

बायको : ही काय पद्धत हो तुमची?

दुकानदार : प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीमागे ठोकतो. पूर्वी माल खपावा म्हणून ठोकायचो. काढा साहेब. कसे वाटले?

नवरा : एक नंबर. छातीत घुमतंय. हेच बांधून द्या.

दुकानदार : देतो की. कुठे वापरणार?

नवरा : बसमध्ये. येता-जाता.

दुकानदार : गाणी मोबाइलवरून?

नवरा : नाही, कार्डावरून. कार्ड घालायची सोय आहे ना यात?

दुकानदार : आहे. पण बसमध्ये मोबाइल नसतो तुमच्याकडे?

बायको : अहो, यांचा मोबाइल गेटवरच काढून घेतात ना.

नवरा : अगं, तू जरा गप्प बस.

दुकानदार : कुठल्या गेटवर, ताई?

बायको : त्या मोठ्या कोल्ड स्टोरेजच्या. का हो?

दुकानदार : साहेब, तुम्ही कॉम्प्रेसरच्या खोलीत बसता का?

नवरा : शेठ, माल विकायला ठेवलाय ना? मग विका.

दुकानदार : बसता का?

नवरा : बसतो. दुपारी दोनची पाळी. तुम्ही आमच्या लोकांना विकत नाही हे कळलं होतं, म्हणून बस सांगितली. झालं समाधान?

बायको : का नाही विकत? आमच्या पैशाला काय काटे आहेत?

दुकानदार : माझा धाकटा भाऊ त्या खोलीत बसायचा, ताई. यांच्याच खुर्चीवर.

बायको : आधीचा माणूस? तो तर गावी निघून गेला ना? अहो, तुम्हीच सांगितलं होतं मला.

नवरा : खरं सांगितलं असतं तर तू नोकरी धरू दिली असतीस?

बायको : म्हणजे? काय झालं त्याला?

दुकानदार : तीन वर्षं झाली. दिवसभर मशीनच्या घरघरीनं डोकं उठतं म्हणायचा. मीच दिले हेडफोन, असेच जाड गादीचे. पाठीमागे ठोकून दाखवलं आणि वर फुशारकी मारली, बघ, छप्पर कोसळलं तरी कळणार नाही तुला. महिन्याभरात मशीनच्या पोटात ठोका सुरू झाला. बाहेर माल उतरवणाऱ्या सगळ्यांना तो ऐकू येत होता. आत माझा भाऊ मान डोलवत बसला होता.

बायको : मग कोणी सांगितलं नाही त्याला?

दुकानदार : प्रत्येकाला वाटलं, ऑपरेटर आत आहे, त्याला कळत असेल. मग ठोका एकाएकी थांबला. लोकांना बरं वाटलं, ताई. झालं वाटतं ठीक, म्हणाले. मशीनच्या आतला दांडा तुटला होता. त्या दांड्यानं नळी फोडली, गारव्यासाठीचा विषारी अमोनिया खोलीभर झाला. दार तीन पावलांवर होतं.

बायको : अहो, ऐकताय ना? चला घरी. नकोत ते हेडफोन. असं नुसतं बघताय काय? अहो?

दुकानदार : साहेब, मशीन तेच आहे का?

नवरा : तेच. रंग नवा दिलाय.

दुकानदार : आणि आवाज?

नवरा : शुक्रवारपासून येतोय.

बायको : कसला आवाज? शुक्रवारपासून काय येतंय?

नवरा : ठोका. पहिल्या दिवशी बारीक होता. आता जेवणाचा डबा उघडला तर झाकण थरथरतं. मी इंजिनियरला सांगितलं, दोनदा सांगितलं. ते म्हणाले, माल गच्च भरलाय, आता मशीन बंद केलं तर सगळा नासेल. हंगाम संपला की उघडून बघू, तोवर कानात काहीतरी घाला.

बायको : आणि तुम्ही घालायला निघालात!

नवरा : मग काय करू? आठ तास ऐकत बसतो मी! प्रत्येक ठोक्याला वाटतं, हा शेवटचा. घरी आलो तरी उशीत वाजतो. मला भीती वाटते, कळलं? नुसती ऐकायची भीती वाटते. दादाला नाही वाटत. त्यानं हेडफोन घातले आणि सुटला.

दुकानदार : दादा कोण?

बायको : माझा थोरला भाऊ. यांनीच लावलं त्याला तिथे. सकाळची पाळी त्याची असते.

दुकानदार : उंच आहेत? मिशा पिकलेल्या, बोलताना हसतात?

बायको : हो. तुम्ही कसे ओळखता?

दुकानदार : शनिवारी आले होते. मी विचारलं, कुठे वापरणार? म्हणाले, बागेत फिरायला जातो. मी दिले, ताई. हेच. काळे.

बायको : आत्ता कुठे आहे दादा? किती वाजले?

नवरा : साडेबारा. खोलीतच आहे.

बायको : फोन लावा त्याला!

नवरा : त्याचा मोबाइल गेटवर आहे. खोलीतला फोन लावतो. थांब... वाजतोय.

दुकानदार : घंटी मोठी आहे का?

नवरा : मोठी आहे. वाजतोय. उचल ना रे दादा. वाजतोच आहे नुसता.

दुकानदार : नाही ऐकू येणार त्यांना. गेटवर लावा, गेटवर कोणी असेल.

नवरा : वॉचमन असतो. हॅलो! हां, मी बोलतोय, दोनच्या पाळीचा. कॉम्प्रेसरच्या खोलीत जा आणि दादाला बाहेर काढ. आधी दाराजवळचं लाल बटण दाब, मशीन बंद कर. इंजिनियरचं मी बघतो, माझं नाव सांग... काय? काय म्हणालास? तिथपर्यंत?

बायको : काय म्हणतोय तो?

नवरा : म्हणतोय, गेटवर ऐकू येतंय. काल येत नव्हतं. हॅलो, तुझा फोन तसाच चालू ठेव, बंद करू नको. खिडकीत ठेव आणि जा. शेठ, मला नीट ऐकू येत नाहीये, खरखर नुसती.

दुकानदार : मोबाइलला असले आवाज पेलत नाहीत. आणा इकडे, याला जोडतो. घाला डोक्याला, एक कान उघडा ठेवा. आता?

नवरा : हं. आला. स्पष्ट येतोय.

बायको : काय येतंय? सांगा ना मला!

नवरा : ठोका. हा एक. हा. हा. कालच्यापेक्षा जलद आहे गं.

दुकानदार : चालू आहे तोवर वेळ आहे. वॉचमन निघाला का?

नवरा : म्हणाला, बूट घालतो नि निघतो. बुटाशिवाय आत सोडत नाहीत, नियम आहे. अरे, राहू दे बूट! अरे, पळ! फोन खिडकीत ठेवलाय त्यानं, कुठला ऐकणार.

बायको : देवा, माझा दादा. काका, द्या मला एक कान, मला ऐकू द्या.

दुकानदार : बसा ताई. साहेब, वाजतंय ना?

नवरा : वाजतंय. वाजतंय. वाज–

दुकानदार : काय झालं?

नवरा : थांबला.

बायको : थांबला? म्हणजे बटण दाबलं! वॉचमन पोचला, दाबलं त्यानं. हो ना? काका, तुम्ही सांगा ना, दाबलं ना?

दुकानदार : साहेब, गेटपासून खोली किती लांब आहे?

नवरा : चालत चार मिनिटं.

बायको : पळत गेला असेल तो. अहो, पळतच गेला असेल. बोला की काहीतरी!

नवरा : तो अजून बूट घालतोय गं. ऐकू येतंय मला.