प्रत्येक समितीत सर

बुडापेस्टच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या पिरोश्काच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. म्हातारे गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी.

"सर, या दुखण्यातून देवदयेनं वाचलात. आता घरी बसा."

"आणि तोंडी परीक्षा? कुठल्याही दोन समित्यांत एक तरी परीक्षक सामाईक हवा. म्हणून तर मी सगळ्यांत आहे."

"त्याऐवजी आम्ही तीन परीक्षक घ्या: मी, बेंदेगूझ आणि एतेल्का. प्रत्येक समितीत आम्हा तिघांतले दोघं, तिसरा कुणीही. मग कुठल्याही दोन समित्या घ्या, आमच्यातला एक दोन्हींत असणारच."

"म्हणजे मी एकाही समितीत नको?"

"नको, सर."

"कधी सुचलं गं हे?"

"तुमच्याच तासाला. वीस वर्षं झाली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, एमेशे?"

"तुम्ही होतात ना."