मोडक्यांचं फडताळ

ताई : फळ्या दिसताहेत मला. फळ्यांवरचं कुठे गेलं, ते विचारतेय.

धाकटा : आधी बस तरी. प्रवासातून आलीस, पाणी पी. आत्या कशी आहे?

ताई : आत्या ठणठणीत आहे. फडताळावरची मोडकी भांडी कुठे आहेत?

धाकटा : त्यांच्या जागी नवे फ्लास्क मांडलेत बघ. उंचीप्रमाणे, एका ओळीत. उद्योग केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, परदेशातला ग्राहक व्हिडिओवरून कारखाना बघणार, तर मागची भिंत नेटकी हवी. काचेचा कारखाना आणि मागे फुटक्या काचेची आरास! दवाखान्याच्या भिंतीवर गेलेल्या पेशंटचे फोटो लावतं का कोणी?

ताई : हे तुझं की मॅडमचं?

धाकटा : मॅडमचं. पण पटलं मला.

ताई : पटणारच. तुला कोणीही काहीही पटवू शकतं. अरे शहाण्या, ती आरास नव्हती. आपल्याकडून गेलेलं भांडं कुठेही फुटलं तरी तुकडे परत मागवायचे, ही बाबांची पद्धत. डागडुजी होण्यासारखी असेल तर करून द्यायची, नसेल तर तुकडे फळीवर ठेवायचे. कुठे मोडलं ते बघायचं आणि पुढचं तिथे जाड करायचं. आपल्या कंडेन्सरची तोटी मुळाशी जाड का असते?

धाकटा : कॉलेजातली पोरं रबरी नळी हिसकून काढायची आणि तोटी मुळातून तुटायची, म्हणून. मीही याच घरात वाढलोय गं.

ताई : मग? मोठ्या कारखान्यांकडे तपासणीची मशिनं असतात. आपल्याकडे ते फडताळ होतं. दोन दिवस मी बाहेर काय गेले, तू आपली प्रयोगशाळाच भंगारात दिलीस?

धाकटा : भंगारात नाही दिली. पोत्यात आहे, टेबलाखाली. म्हणजे... बरीचशी आहे.

ताई : बरीचशी?

धाकटा : ते जाऊ दे. हे खोकं बघ! त्या ग्राहकाला पाठवायचे कंडेन्सरचे नमुने झाले, ताई. आज गाडी येतेय न्यायला. तू नव्हतीस, बाबांचे हात थरथरतात, एकट्याने केले सगळे.

ताई : एक काढ बघू.

धाकटा : पॅक केलेत. कागदात गुंडाळून, भुसा भरून.

ताई : गुंडाळलेलं उलगडता येतं. काढ... अरे वा. सांधा किती सुरेख आलाय. थेट बाबांचा हात.

धाकटा : बघ! आणि तू आल्या आल्या तोफ डागलीस.

ताई : माझ्या त्या काळ्या फिल्म कुठे आहेत? मोडक्या कॉम्प्युटरच्या पडद्यातून काढलेल्या?

धाकटा : आता तपासत बसणार? भट्टीत घातले होते सगळे. रीतसर तापवले, सावकाश गार केले.

ताई : मग घाबरतोस कशाला? या बघ, इथेच आहेत. एक फिल्म खिडकीकडे, एक डोळ्याशी, मध्ये काच. ये, तूच बघ. काय दिसतंय?

धाकटा : रंग.

ताई : आणि काय दिसायला हवं?

धाकटा : काळं.

ताई : काच आतून निवांत असली की काळं. रंग म्हणजे ताण. आणि हे कडं बघ, बरोब्बर सांध्याभोवती. दुसरा काढ. यातही तेच. तिसरा... भट्टीतून काढल्यावरही ताण जात नाही, याचा अर्थ काय?

धाकटा : ताई, गाडी यायची वेळ झाली.

ताई : अर्थ काय?

धाकटा : दोन वेगळ्या काचा जोडल्यात.

ताई : आतली नळी कुठली लावलीस?

धाकटा : ...फडताळावरची.

ताई : काय?

धाकटा : मोठ्या जुन्या कंडेन्सरच्या नळ्या होत्या. टोकं तेवढी गेलेली, मधला भाग धडधाकट. आपली नवी नळी संपली होती. नळीवाला म्हणतो, तुमची एवढीशी मागणी, मोठ्या कारखान्यांचा माल सुटल्यावर बघू. इकडे गाडी ठरलेली. काय करू मी? टोकं कापली, धुतली, लावली. काच फेकवत नाही मला, तुला माहितीये.

ताई : अरे, त्या नळ्या कुठल्या कुठल्या काळातल्या! बाबा मिळेल तिथून काच आणायचे. दिसायला सगळ्या सारख्या, पण तापल्या की एक जास्त फुगते, एक कमी. गार होताना एकमेकींना ओढत राहतात. ज्योतीत धरल्यावर कळलं नाही तुला? हाताला कळतं ते.

धाकटा : जरा लवकर मऊ पडत होती. मला वाटलं, केंद्राने दिलेला नवा बर्नर जोरात जळतोय.

ताई : बर्नर!

धाकटा : हसू नकोस.

ताई : हसतंय कोण? मला ओरडायचंय आणि कोणावर ओरडू ते कळत नाहीये.

सल्लागार : येऊ का? दार उघडंच होतं. अहाहा, भिंत काय खुललीय! आणि ताईही आल्या, बरं झालं. भाऊबहीण दोघंही फोटोत हवेत. बॅनर आणलाय मी केंद्राचा. तो मागे धरू, खोकं पुढे.

ताई : या बघ, आल्या. मॅडम, खोकं जाणार नाही.

सल्लागार : म्हणजे?

ताई : म्हणजे नमुने सदोष आहेत. सांधे तडकणार.

सल्लागार : मला तर कुठे चीर दिसत नाही.

ताई : अजून पडली नाही म्हणून दिसत नाही.

सल्लागार : अहो, मग झालं तर! नमुने कोणी लगेच उकळायला घेत नाही. टेबलावर ठेवतात, फिरवून बघतात, ऑर्डर देतात. ऑर्डरच्या मालात चांगली काच लावा ना.

ताई : मॅडम, तुम्हाला हे भांडं कशाचं आहे ते माहितीये?

सल्लागार : कंडेन्सर. थंड करायचं काहीतरी.

ताई : आतल्या नळीतून वाफ, बाहेरून गार पाणी. वाफ कधीकधी स्पिरिटची असते आणि खाली शेगडी चालू असते. त्या वेळी सांधा सुटला तर समोर जी कोण पोरगी उभी असेल, तिचं तोंड होरपळेल. तिला आपण काय सांगायचं? बाई गं, हा नुसता नमुना होता?

सल्लागार : तुम्ही एकदम टोकाला जाता, ताई. हा ग्राहक सहज मिळालेला नाही. त्याची मेल तुमच्याकडे कित्येक आठवडे न उघडता पडली होती. मी उघडली, मी उत्तर दिलं. लहान उद्योगांना जगाच्या बाजारात उभं करायचं म्हणून मी उन्हातान्हात दारोदार फिरते, आणि तुम्ही...

ताई : मेलचं काम तुम्ही चोख केलंत. तिथे आमचीच चूक होती, मान्य. पण पहिल्या दिवशी तुम्ही याच स्टुलावर बसून विचारलं होतंत, तुम्हाला काय मदत हवी? आम्ही काय मागितलं?

सल्लागार : नळी.

ताई : नळी! या भागात आम्ही चार छोटे काचवाले. चौघांची नळी एकत्र घ्यायची सोय करा, म्हणजे नळीवाला आम्हाला दारात ताटकळत ठेवणार नाही. आणि कॉलेजच्या तपासणीच्या मशिनवर अधूनमधून एखादी सकाळ मिळवून द्या. बस, एवढंच. मिळालं काय? अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख कशी करून द्यावी, याचं शिबिर! सगळ्यांना टोप्या! आणि हा बर्नर, आमच्या कामाच्या दुप्पट मोठा. त्याच्यावर केंद्राचं नाव एवढं ठसठशीत की ज्योतीआधी तेच डोळ्यात भरतं.

धाकटा : टोपी मी घालतो पण.

ताई : तू गप्प बस.

सल्लागार : एकत्र खरेदी योजनेत बसत नाही. मी विचारलं होतं, खरंच. वर म्हणाले, एकेका उद्योगाची वाढ दाखवायची असते. चौघांची मिळून झाली तर कोणाच्या खात्यात मोजायची?

ताई : मोजायची! म्हणजे वाढायचंय कोणाला, आम्हाला की तुमच्या अहवालाला?

सल्लागार : माझ्यावर कशाला चिडता? योजना मी लिहिलेली नाही.

ताई : पण भिंत तुम्ही रिकामी करवलीत. याच्या डोक्यात भरवलंत की मोडकं दिसलं तर लाज जाईल. ते फडताळ जागेवर असतं तर याला या नळ्या कापायची बुद्धी झाली नसती!

धाकटा : बास! दोघी बास करा. मॅडमनी नळ्या कापायला सांगितल्या नव्हत्या, मी कापल्या. आणि ताई, तूही ऐक आता. बरोबर असायला तुला फार आवडतं. कोपऱ्यावरचा पत्र्याचे डबे करणारा बरोबरच होता ना? आयुष्यात त्याचा एक डबा गळला नाही. आज त्याच्या जागी बाहेरून आलेले डबे विकायचं दुकान आहे आणि तोच तिथे काउंटरवर उभा राहून पिशव्या भरतो. मला बघितलं की मान वळवतो. आपण छान काम करतो आणि छानपैकी मरतो!

ताई : म्हणून वाईट काम करून जगायचं?

धाकटा : एकदा शिरकाव होऊ दे, एवढंच म्हणत होतो मी. एकदा तिकडे कोणाला तरी कळू दे, आपण आहोत म्हणून.

ताई : आणि कळणार कशावरून? तिकडच्या माणसाने ना तुला पाहिलंय, ना मला, ना बाबांना. तुझ्या टोपीशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्या हातात फक्त हा सांधा जाणार. आपण कोण, ते त्याला हा सांधा सांगणार.

(टिक्. खोक्यातल्या भुशातून बारीक, कोरडा आवाज. तिघंही खोक्याकडे बघतात.)

सल्लागार : काय वाजलं?

ताई : तुमचा फोटो.

सल्लागार : थट्टा नको हो. काय होतं ते?

धाकटा : सांधा गेला, मॅडम. थांबा, दाखवतो... हा. बघा, कसा गोल फिरलाय तडा.

सल्लागार : पण कोणी हातही लावला नव्हता! आपोआप?

ताई : आपोआप कसला? ताण कधीचाच होता. आवाज आत्ता आला.

सल्लागार : थांबा, साहेबांचा फोन. हं, बोला सर. नाही सर, गाडी पुढे जाऊ दे. हो, इथलं खोकं सोडून. सर, या महिन्यात एक कमी धरा. का म्हणजे, काच तडकली. नाही, वाहतुकीत नाही, इथेच. नाही सर, बॅनरला काही झालेलं नाही. ...हं. ...बरं. ...ठेवते.

धाकटा : काय म्हणाले?

सल्लागार : म्हणाले, खोकं बंद करून फोटो तरी घ्या, आत काय आहे ते फोटोत कुठे दिसतं!

ताई : मग? घेताय?

सल्लागार : बॅनर गुंडाळतेय, दिसत नाही का? तुम्हाला वाटतं ताण फक्त काचेत असतो. माझं कंत्राट दर वर्षी नव्याने होतं, ताई. त्या फिल्म माझ्यावर धरल्यात ना, तर सगळे रंग दिसतील.

ताई : बसा. या स्टुलाचा पाय हलतो, त्या दुसऱ्यावर बसा.

सल्लागार : ग्राहकाला काय कळवू? वाहतुकीची अडचण म्हणून लिहिते. सगळे तेच लिहितात.

ताई : लिहा, नमुने तयार होते, आमच्याच कारखान्यात तडकले. चुकून दोन वेगळ्या काचा जोडल्या गेल्या. नवी नळी आली की पुन्हा करून, तपासून पाठवू.

सल्लागार : असं कोणी लिहीत नाही हो. तो दुसरीकडे जाईल.

धाकटा : जाईल, ताई?

ताई : खोटा धीर नाही देत तुला. जाईल असंच वाटतंय मला.

धाकटा : ...लिहा, मॅडम. आणि काचा मी जोडल्या, असं लिहा. ‘जोडल्या गेल्या’ नको.

सल्लागार : लिहिते. बाकीच्या तीन काचवाल्यांचे पत्तेही द्या मला. योजनेत बसत नाही ते नाहीच बसत. सुट्टीच्या दिवशी येईन, केंद्राची म्हणून नाही. नळीवाल्याशी मीच बोलते. तुम्ही नका बोलू, तुम्ही लगेच चिडता.

ताई : मी चिडत नाही.

धाकटा : मॅडम, हे मात्र त्या मेलमध्ये लिहू नका.

सल्लागार : जाते मी. टोपी ठेवताय की परत नेऊ?

धाकटा : राहू दे. ऊन लागतं.

ताई : बघतोस काय? पोतं ओढ बाहेर.

धाकटा : फ्लास्क उतरवू फडताळावरचे?

ताई : उतरव. सावकाश. आणि कापलेली टोकं टाकलीस की आहेत?

धाकटा : सांगितलं ना, काच फेकवत नाही मला. डब्यात आहेत.

ताई : तीही मांड. आपापल्या नळ्यांशेजारी.

धाकटा : आणि हा आत्ता तडकलेला?

ताई : मधल्या फळीवर. तडा पुढे दिसेल असा.

धाकटा : बाबा उद्या आले की हातात घेणार. नवीन काही दिसलं की विचारतातच, हे कुणाकडून परत आलं? काय सांगू?

ताई : सांग, हे गेलंच नव्हतं.